कुणाची वायर

यांग मान-सोक आला तेव्हा बांग इन-हो ठोकलेल्या गाडीवरची ताडपत्री ओढून काढत होता. म्हातारा शेडच्या दाराशी थांबला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, पण आत पाऊल टाकेना.

असे लोक इन-होला नवीन नव्हते. गाड्यांच्या विजेची आणि त्यांच्या आतल्या संगणकांची तपासणी करून अहवाल देणं हाच त्याचा धंदा. आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरात होता, आता इंचन शहरात बंदराच्या रस्त्यावर त्याची स्वतःची शेड होती. जुन्या गाड्यांवर हमी देणाऱ्या विमा कंपन्या भांडणाच्या गाड्या त्याच्याकडे पाठवायच्या. त्याच्या सहीने बऱ्याच लोकांचे दावे बुडाले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांतले पुष्कळसे बुडण्याच्याच लायकीचे होते. त्यामुळे लोकांच्या तोंडाकडे न बघता गाडीकडे बघायची त्याला सवय लागली होती.

"मालकांना तपासणी बघता येत नाही, काका," तो पाठमोराच म्हणाला. "अहवाल घरपोच येईल."

"मालक मी नाही. माझी मुलगी होती मालक."

इन-हो वळला. कागदपत्रांत नाव होतं, यांग दासोल. गांघ्वा बेटावरच्या खेड्यांतून घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी नर्स. कामाला लागते म्हणून तिने जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डातून ही गाडी घेतली होती, हमीसकट. एके सकाळी शेतातून अचानक ट्रॅक्टर रस्त्यावर आला, तिने गाडी वळवली आणि ती विजेच्या खांबावर गेली. फार वेगात नव्हती. अशा धडकेतून माणसं खरचटून, रडून, फोन करत बाहेर येतात. पण एअरबॅग उघडलीच नाही, आणि दासोलची छाती स्टिअरिंगवर आपटली.

म्हाताऱ्याने हमी देणाऱ्या कंपनीकडे दावा लावला होता. कंपनीच्या माणसाने गाडी वरवर पाहून लिहिलं होतं : मालकाने परस्पर वायरिंगमध्ये फेरफार केल्यामुळे एअरबॅगचा वीजपुरवठा खंडित झाल्याची दाट शक्यता, सबब हमी लागू होत नाही. भांडण लवादापुढे गेलं. त्रयस्थ माणसाकडून तपासणी करून घ्या, असं लवादाने सांगितलं, आणि कंपनीने तत्परतेने इन-होचं नाव सुचवलं.

"तो फेरफार मीच केला," मान-सोक म्हणाला. तो आता दोन पावलं आत आला होता. "पुढच्या काचेला रस्ता टिपणारा कॅमेरा बसवला. दुकानवाला बसवून देतो म्हणत होता. मीच म्हटलं, बाप जन्मभर वायरमन, आणि लेकीच्या गाडीला परका हात कशाला? फ्यूजच्या पेटीतून वायर ओढली. आता ते म्हणतात की त्या वायरीनेच..."

"वाचलंय मी."

"मग मला एवढंच सांगा, माझ्यामुळे गेली का ती? दाव्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

इन-होने दुसऱ्या कुणाला बाहेर काढलं असतं. या माणसाला त्याने कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं.

तो कामाला लागला. चेपलेला पत्रा वाकवून त्याने फ्यूजची पेटी मोकळी केली, कॅमेऱ्याची वायर शोधली आणि ती बोटांत धरून टोकापर्यंत गेला. वायर मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटच्या फ्यूजवर होती. सांधा घट्ट, वेगळा फ्यूज लावलेला, कुठे जळल्याचा डाग नाही. एअरबॅगचा फ्यूज तिच्यापासून चांगला लांब होता आणि शाबूत होता. त्या वायरीचा एअरबॅगशी काडीचाही संबंध नव्हता. पण तपासणी अर्धवट असताना तोंड उघडायचं नाही असा त्याचा नियम होता, म्हणून तो गप्प राहिला.

"टॉर्च धरता का जरा? इथे, खाली."

मान-सोक लगेच उठला. काहीतरी करायला मिळालं म्हणून त्याचा चेहरा थोडा सैल झाला. इन-हो स्टिअरिंगच्या खाली आडवा झाला आणि त्याने आतलं आवरण उतरवलं. एअरबॅगकडे जाणाऱ्या वायरींचा प्लग पिवळा असतो, कुणी चुकून हात लावू नये म्हणून. तो पिवळा प्लग उजेडात आला.

"अरे वा," म्हातारा वरून म्हणाला. "दोऱ्याने बांधलंय."

प्लगच्या मागे वायरींवर मेण लावलेला दोरा गुंडाळला होता. एकाला एक लागून वेढे, आणि शेवटी गाठ आत खेचून घेतलेली, म्हणजे टोक कुठे दिसत नाही.

"हल्ली असं कुणी करत नाही," मान-सोक सांगू लागला. "सगळे चिकटपट्टी मारून मोकळे होतात. उन्हाळ्यात तिचा डिंक सुटतो, मग लोंबते. हा कुणीतरी जुना, कसबी माणूस असला पाहिजे. गाड्यांच्या कारखान्यातच करतात का असं?"

इन-होचा हात तिथेच थांबला. कारखान्यात असं कुणी करत नाही. असं करणारा आख्ख्या इंचनमध्ये त्याला एकच माणूस माहीत होता, आणि त्या माणसानेच ती गाठ इन-होला शिकवली होती.

"काका, तुम्ही जरा बाहेर बसा," तो म्हणाला. "तिथे चहाचं मशीन आहे."

म्हातारा मुकाट्याने बाहेर गेला. इन-होने दोरा कापला. आत तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर डाख देऊन बसवला होता. एअरबॅग जागेवर नसली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. वायरीच्या टोकाला हा दाणा जोडला की गाडीच्या मेंदूला वाटतं, एअरबॅग आहे, आणि दिवा विझतो. मग त्याने स्टिअरिंगचं मधलं झाकण उचकटलं. आत एकदा फुटून गेलेली एअरबॅग घडी घालून कोंबली होती आणि झाकण वरून चिकटवून रंगवलं होतं. सीटखालच्या नियंत्रण पेटीला स्कॅनर लावला, तर पेटी भलत्याच गाडीची निघाली. तिच्यातल्या जुन्या अपघाताच्या नोंदी पुसून टाकलेल्या होत्या. म्हणजे गाडी आधी एकदा जोरात ठोकलेली. एअरबॅग नवी बसवायची सोडून कुणीतरी दिवा तेवढा विझवला, आणि यार्डाने ती निर्दोष म्हणून विकली. दासोलच्या हाती ती आली तेव्हाच ती अशी होती.

तो बाहेर आला. मान-सोक कागदी पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. चहा तसाच होता.

"वेळ लागेल," इन-हो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात कळवतो."

म्हातारा उठला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि बसस्टॉपकडे चालू लागला.

ती गाठ शिकवणाऱ्या ओक दाल-सूचं वायरिंगचं दुकान जुन्या गाड्यांच्या यार्डांमागच्या गल्लीत होतं. इन-हो पोचला तेव्हा दाल-सू आणि त्याची बायको जेवायला बसत होते.

"आलास? जेवलास का?" दाल-सूने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बायकोला म्हणाला, "याला वाढ गं."

वहिनीने भात घातलेल्या गरम सूपचं भांडं इन-होपुढे सरकवलं. तिच्या हातचं त्याने पुष्कळ खाल्लं होतं. त्याचा संसार मोडला, नोकरी दारूत बुडायची वेळ आली, तेव्हा दाल-सूने त्याला मानगूट धरून आपल्या घरी आणलं होतं. आख्खा हिवाळा तो त्यांच्या ओसरीच्या खोलीत राहिला. दाल-सू रोज सकाळी त्याला उठवून कामाला नेत असे आणि संध्याकाळी परत आणत असे, लहान पोराला शाळेत न्यावं तसं. पुढे दोघांच्या सर्व्हिस सेंटरने माणसं कमी केली तेव्हा काढलं दाल-सूला, कारण त्याच्याकडे कसलीच पदवी नव्हती. इन-हो राहिला.

"तोंड असं का केलंयस?" दाल-सू म्हणाला. "कुणी मेलंय का?"

"हो."

दाल-सूचा चमचा थांबला. इन-होने वहिनीकडे पाहिलं. ती समजली आणि भांडी घेऊन आत गेली.

"करड्या रंगाची लहान गाडी, दादा. एअरबॅगच्या प्लगला तुझा दोरा आहे."

दाल-सूने नाही म्हटलं नाही. त्याने सूपचं भांडं बाजूला केलं आणि हात पुसले, एकेक बोट वेगळं करून.

"यार्डवाला म्हणाला, दिवा घालवून दे," तो म्हणाला. "मी दिवा घालवला. एअरबॅग नवी टाकणं त्याचं काम. त्याने नाही टाकली तर मी काय करू?"

"टाकणार नव्हता हे तुला माहीत होतं. टाकणारा माणूस दिवा कशाला घालवून घेईल?"

"मी नसता घालवला तर शेजारच्याने घालवला असता. चिकटपट्टी मारून. कधी आग लागली असती."

"तू दोरा बांधलास म्हणून ती मरायची राहिली नाही."

दाल-सूने हळूच विचारलं, "कोण होती?"

"नर्स. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची. बाप आहे. तो कालपर्यंत, आजही, समजतोय की त्याने बसवलेल्या कॅमेऱ्याच्या वायरीने ती गेली. कंपनीने तसंच लिहिलंय."

दाल-सूने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि ते इन-होला आवडलं नाही.

"कंपनीने लिहिलंच आहे का तसं?"

"दादा."

"नाही, ऐक तर खरं. त्या म्हाताऱ्याला कुणी तुरुंगात घालणार आहे का? स्वतःच्या लेकीच्या गाडीला वायर लावली, कुणी त्याला काही म्हणणार नाही. लोक हळहळतील उलट. माझं तसं नाही. मला आत टाकतील. तुझी वहिनी या वयात कुठे जाईल?"

"तो जन्मभर समजेल की मीच मारली तिला."

"तो जन्मभर रडणारच आहे रे. कारण कुठलंही असलं तरी."

इन-हो उठला. वाढलेलं सूप तसंच राहिलं. आतून वहिनीने विचारलं, चव बिघडलीय का, तोवर तो दारात पोचला होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दावे विभागाच्या मेंगचा फोन आला. मेंग नेहमी आधी तब्येतीची चौकशी करायचा.

"खोकला गेला का, बांग साहेब? या धुळीत जपायला हवं. बरं, ते गांघ्वावालं प्रकरण. वायर सापडली ना?"

"कॅमेऱ्याची वायर आहे. सॉकेटवर आहे."

"म्हणजे आहे. फेरफार आहे. आमच्या कलमात फेरफार असा शब्द आहे, कुठल्या फ्यूजवर ते नाही. तुम्ही दोन ओळी लिहा, इतर बाबींविषयी निश्चित मत देता येत नाही म्हणा. आम्हीही माणसंच आहोत. काकांना माणुसकी म्हणून काहीतरी देऊ. सगळ्यांचं सुटसुटीत होईल."

"बघतो," इन-हो म्हणाला.

आणि त्याने खरंच पाहिलं. टेबलाशी बसून त्याने त्या दोन ओळी लिहूनही पाहिल्या. भाषेत कुठेही खोट नव्हती. निश्चित मत देता येत नाही. असं त्याने पूर्वीही लिहिलं होतं, आणि तेव्हा ते खरं होतं. त्याने कागद उलटा ठेवला. आठवडा उलटून गेला तरी त्याने म्हाताऱ्याला फोन केला नाही, आणि म्हाताऱ्यानेही केला नाही. म्हाताऱ्याने फोन करून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटत राहिलं.

शेवटी तो स्वतःच शहरातल्या बुप्योंग भागात मान-सोकच्या घरी गेला. जुनी, लिफ्ट नसलेली इमारत. जिन्यात मिट्ट काळोख. वरून एक बाई हातात पिशव्या घेऊन चाचपडत उतरत होती.

"जपून या," ती म्हणाली. "दिवा गेलाय. पूर्वी यांग काकाच बदलायचे, सांगायलाही लागायचं नाही. आता हात लावत नाहीत. लेक गेल्यापासून."

मान-सोकने दार उघडलं. आत संध्याकाळचा जो काय उजेड खिडकीतून येत होता तेवढाच. फ्रिज बंद होता, दार सताड उघडं. जेवणाच्या टेबलावर सहलीला नेतात तसली छोटी गॅसची शेगडी होती आणि तिच्यावर किटली. भिंतीवरच्या मीटरखालचं मुख्य बटण खाली पाडलेलं होतं.

"बसा," म्हातारा म्हणाला. "अंधार आहे जरा. त्याचं असं आहे की, आता हातावर भरवसा राहिला नाही. काहीतरी चुकेल आणि शेजारी लहान मुलं आहेत, म्हणून सगळं बंदच ठेवलंय."

इन-हो खाली बसला. येताना वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली.

"काका, तुमची वायर नव्हती."

मान-सोक किटलीकडे जात होता, तो तसाच उभा राहिला.

"तुमची वायर सॉकेटवर होती. चांगली लावली होती. मी लावली असती तर तशीच लावली असती. गाडीत एअरबॅगच नव्हती. आधीच्या अपघातात फुटलेली, तीच घडी करून आत घातलेली. दिवा लागू नये म्हणून वायरीत फसवणूक केलेली. तुम्ही पाहिलीत ती. दोरा बांधलेली."

म्हातारा टेबलाला धरून हळूहळू खाली बसला. मग अगदी साध्या आवाजात त्याने विचारलं.

"हे तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?"

"हो."

"मी बाहेर चहा घेऊन बसलो होतो तेव्हा?"

"हो."

"बरं," मान-सोक म्हणाला. तो उठला, आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. इन-हो ऐकत बसला. आधी काहीच आवाज आला नाही. मग असा आवाज आला की त्याला उठून निघून जावंसं वाटलं, पण आपण जायचं नाही एवढं त्याला कळत होतं. बाहेर पूर्ण अंधारलं तेव्हा म्हातारा तोंड धुऊन आला.

"दोरा कुणी बांधला, ठाऊक आहे तुम्हाला?"

"माझा दादा आहे. सख्खा नाही. पण आहे."

"मग तुम्ही लिहाल का ते?"

इन-होला वाटलं होतं की म्हातारा संतापेल, कॉलर धरेल. प्रश्न विचारण्याची ही रीत त्याला जास्त लागली.

"लिहीन," तो म्हणाला.

त्याने सगळं लिहिलं. रेझिस्टर, घडी घातलेली एअरबॅग, परक्या गाडीची पेटी, पुसलेल्या नोंदी. आणि शेवटी, हे काम कुणाच्या हातचं आहे याविषयी आपल्याला माहिती असून ती पोलिसांना द्यायला आपण तयार आहोत, असं लिहून सही केली. अहवाल पाठवायच्या आधी तो दाल-सूला सांगायला गेला. दाल-सू दुकानात नव्हता. वहिनी होती. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि जाड मिठाची बरणी घेऊन आली. अवदसा घराबाहेर काढताना टाकतात तसं तिने त्याच्या पाठीवर मीठ फेकलं. गाडीत बसल्यावर त्याच्या कॉलरमधून मिठाचे खडे आत घरंगळले.

त्यानंतर जे झालं ते कुणाला वाटलं होतं तसं झालं नाही. यार्डवाल्याने पोलिसांना सांगितलं की आपण गाडी चांगली समजूनच विकली, कारागिराने परस्पर काय केलं ते आपल्याला ठाऊक नाही. महिन्याभरात त्याने पाटी उतरवली आणि मेव्हणीच्या नावाने पलीकडच्या रांगेत नवी लावली. लवादापुढे मेंग काळा सूट घालून आला होता. त्याने मान-सोकपुढे वाकून शोक व्यक्त केला आणि मग म्हणाला की, आता तर सिद्धच झालं, दोष विक्रीच्या आधी मुद्दाम केलेला होता. हमी बिघाडाची असते. हा बिघाड नव्हे, फसवणूक आहे, आणि फसवणुकीला कंपनी जबाबदार नाही.

"म्हणजे मी केलं असतं तरी नाही," मान-सोक म्हणाला, "आणि मी नाही केलं तरी नाही."

"कलमात तसं आहे, काका," मेंग म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच दुःखी होता.

लवादाने दावा कोर्टात न्यायचा सल्ला दिला. इन-होकडे त्या कंपनीची गाडी पुन्हा आली नाही, आणि हळूहळू इतर कंपन्यांच्याही येईनाशा झाल्या.

दाल-सूवर खटला उभा राहणार होता. तो अजून बाहेर होता. मान-सोकने त्याला भेटायचं म्हटलं तेव्हा इन-होला वाटलं दाल-सू येणार नाही. पण दुकान बंद होतं आणि तो आत वाट बघत बसला होता. अवजारं विकून झाली होती. भिंतीवर त्यांच्या जागा तेवढ्या पांढऱ्या दिसत होत्या. म्हातारा आत येताच दाल-सू गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ फरशीला टेकलं.

"उठा," मान-सोक म्हणाला.

दाल-सू उठेना.

"उठा हो. मी काही तुमचे गुडघे बघायला आलो नाही. मला विचारायचंय. अशा आणखी किती केल्या?"

दाल-सूने मान वर केली. त्याच्या कपाळाला धूळ लागली होती.

"आठवत नाही, काका."

"आठवा."

"खूप केल्या. पोलिसांनीही विचारलं. गाडी येते, दोन तासांत जाते, नंबरप्लेटही कधी लावलेली नसते. कुणाकडे गेली ते मला कधीच..." तो थांबला. मग इन-होकडे बघून, जणू म्हाताऱ्यापेक्षा त्याला सांगणं सोपं होतं, म्हणाला, "एक व्हॅन होती. पिवळी. पोरांची ने-आण करणारी. मागच्या काचेवर अस्वलाचं चित्र. ती गिम्पोतल्या तायक्वांदोच्या क्लासला विकली, एवढं यार्डवाला बोलला होता. बाकी खरंच नाही आठवत."

दाल-सू फरशीकडे बघत बसला. मान-सोकने टोपी घातली.

"चला," तो इन-होला म्हणाला.

पोलिसांना त्यांनी कळवलं. चौकीतल्या तरुण अधिकाऱ्याने नोंद घेतली आणि तपास चालू आहे म्हणाला. पण मान-सोकला थांबवेना. सकाळी तो इन-होच्या शेडमध्ये यायचा आणि दोघं शेजारच्या गिम्पो शहरात फिरायचे. तायक्वांदोचे क्लास तिथे गल्लोगल्ली. कुठे मास्तर हसून बोलायचे, कुठे हाकलून द्यायचे. काहीतरी विकायला आलेत असं बहुतेकांना वाटायचं. एका मास्तरने आपल्या व्हॅनचं स्टिअरिंग इन-होला उघडू दिलं. आत एअरबॅग व्यवस्थित होती. मान-सोकने तिच्यावरून हात फिरवला आणि त्या मास्तरचे इतके आभार मानले की तो गोंधळून गेला.

अस्वलवाली व्हॅन ज्याची होती तो क्लास सापडला तेव्हा त्याला कुलूप होतं. खालच्या किराणा दुकानातल्या बाईने सांगितलं, पोरंच येईनात, मास्तरने वसंतात बंद केलं आणि गावी गेला. तिने नंबर दिला. मास्तर फोनवर बराच वेळ ऐकत राहिला.

"मी त्या गाडीत रोज माझ्या स्वतःच्या पोरीला पुढे बसवायचो," तो शेवटी म्हणाला.

"व्हॅन कुठे आहे आता?" इन-होने विचारलं.

"विकली. जुन्या गाड्या परदेशी पाठवणाऱ्याला. बंदराजवळचा होता कुणीतरी."

बंदर इन-होच्या शेडपासून दिसायचं. परदेशी जाणाऱ्या जुन्या गाड्यांचं मैदान तारेच्या कुंपणाआड पार समुद्रापर्यंत पसरलेलं, काचांवर पांढऱ्या रंगाने आकडे लिहिलेले. पाठवणाऱ्याचं ऑफिस म्हणजे एक कंटेनर होता. त्यातल्या माणसाने संगणकावर पाहिलं, वैतागून, मग जरा कमी वैतागून. व्हॅन मागच्याच जहाजाने गेली होती. लिबियाला. तिकडे मिस्राता बंदरात उतरवली की दलाल त्या घाऊक घेतात आणि पुढे कुठे जातात ते त्यांचं त्यांना माहीत. दलालाचा पत्ता? पत्ता नाही. मेसेज करायचा नंबर आहे, तो भाव ठरवायला. हवा असेल तर घ्या.

इन-होने नंबर उतरवून घेतला. दोघं बाहेर आले. वारा समुद्राकडून येत होता आणि कुंपणाआड कामगार गाड्यांच्या बॅटऱ्या सोडवत होते. मान-सोक तारेला बोटं अडकवून उभा राहिला.

"पिवळा रंग काढतात का ते, तिकडे गेल्यावर?" त्याने विचारलं.

"कशाला काढतील? तशीच वापरतात."

"म्हणजे शाळेलाच देतील."

"देतील बहुतेक."

"त्यांना आपली भाषा येणार नाही."

"फोटो पाठवू," इन-हो म्हणाला. "स्टिअरिंगचा. कुठलं झाकण उघडायचं त्यावर खूण करून. फोटो कळतो कुणालाही."

त्याने तो त्याच संध्याकाळी पाठवला. दासोलच्या गाडीचाच, कारण दुसरा नव्हता. पलीकडून उत्तर आलं ते एका तुटक वाक्याचं, यंत्राने भाषांतर केलेलं : या गाड्या किती आहेत आणि भाव काय. इन-होने पुन्हा समजावून लिहिलं. मग पुन्हा. काही दिवसांनी त्या नंबरने त्याला ब्लॉक करून टाकलं. मान-सोक अजून सकाळी येतो, टोपी काढतो आणि विचारतो, काही कळलं का. इन-हो नाही म्हणतो, स्टूल पुढे करतो, आणि दोघं मिळून आणखी कुणाला विचारता येईल ते ठरवायला बसतात.